प्रादेशिक नवोन्मेष प्रणाली, विद्यापीठे आणि जिल्ह्याची अर्थव्यवस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठ आणि त्याच्या परिसराची अर्थव्यवस्था यांच्या नात्याविषयी विद्यार्थी, प्राध्यापक, लघुउद्योजक आणि बागायतदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रादेशिक नवोन्मेष प्रणाली म्हणजे नेमके काय?

एखाद्या प्रदेशातील कारखाने, शेतकरी, शिक्षणसंस्था, प्रयोगशाळा, बँका, उद्योजकांच्या संघटना आणि शासकीय यंत्रणा यांच्यात ज्ञानाची, माणसांची आणि पैशाची जी नियमित देवाणघेवाण चालते आणि जिच्यातून नवी उत्पादने व नव्या पद्धती आकाराला येतात, त्या साऱ्या जुळणीला ही संज्ञा वापरतात. प्रादेशिक विकासाचे अभ्यासक फिलिप कुक यांनी ती १९९० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. त्याआधी ख्रिस्तोफर फ्रीमन आणि बेंग्ट-ओके लुंडवाल या अर्थशास्त्रज्ञांनी हाच विचार देशाच्या पातळीवर मांडला होता. या सर्व संस्था एकाच जिल्ह्यात असूनही त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे नसेल, तर तेथे प्रणाली आहे असे म्हणता येत नाही. सामंजस्य करारांची संख्या हा तिचा पुरावा नव्हे. अडचण आल्यावर कारखानदाराला कोणत्या प्राध्यापकाला फोन करायचा हे ठाऊक असणे, हा पुरावा आहे.

२. सगळे ज्ञान इंटरनेटवर मिळत असताना 'प्रादेशिक' असण्याला काय महत्त्व उरते?

लिहून ठेवता येणारे ज्ञान कोठूनही मिळते, हे खरे आहे. परंतु उत्पादनातील बरेचसे ज्ञान लिहिलेले नसते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतीव भागात छिद्रे का पडतात, वाळूत ओलावा किती असावा, कोणत्या ऋतूत मिश्रण कसे बदलावे, हे अनुभवी कारागिराच्या हाताशेजारी उभे राहूनच शिकता येते. असे ज्ञान माणसाबरोबर फिरते, आणि माणसे बहुधा आपल्या ओळखीच्या परिसरातच नोकरी बदलतात, उद्योग थाटतात, भागीदार शोधतात. अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये इंग्लंडमधील उद्योगनगरांविषयी हीच गोष्ट नोंदवली होती. दुसरे कारण विश्वासाचे आहे. आपली अडचण परक्यासमोर उघड करायला उद्योजक कचरतो. ज्याच्याशी वारंवार गाठ पडते, त्याच्यासमोर ती मांडणे त्याला सोपे जाते.

३. आमच्या जिल्ह्यात विद्यापीठ झाले तर उद्योग आपोआप येतील का?

येणार नाहीत. विद्यापीठाची इमारत उभी राहताना बांधकाम, भाड्याच्या खोल्या, खाणावळी आणि दुकाने यांना लगेच बरकत येते, आणि हा लाभ खरा आहे. पण त्यातून उत्पादनक्षमता वाढत नाही. बाहेरचे ज्ञान ओळखण्याची, समजून घेण्याची आणि वापरण्याची क्षमता स्थानिक उद्योगांत आधी असावी लागते. ज्या कारखान्यात एकही अभियंता नाही, त्याला संशोधन अहवालाचा उपयोग करून घेता येत नाही.

याउलट, विद्यापीठ नसल्याची किंमतही मोजावी लागते. जर्मनीतील रूर खोऱ्यात कोळसा आणि पोलाद यांचे प्रचंड उद्योग होते, पण १९६० च्या दशकापर्यंत तेथे एकही विद्यापीठ नव्हते. बोखुमच्या विद्यापीठात १९६५ मध्ये अध्यापन सुरू झाले, तोवर कोळशाच्या खाणी बंद पडू लागल्या होत्या. गडचिरोलीत २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे पाहताना या दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. मोठे उद्योग ओढून आणण्याची अपेक्षा त्याच्यावर लादणे अन्यायाचे आहे. बांबू, मोह, लाख, तेंदू अशा वनोपजांवर प्रक्रिया करणाऱ्या ग्रामसभांना आणि बचत गटांना शास्त्रीय आधार देणे मात्र त्याच्या आवाक्यातले आहे, आणि ते काम दुसरे कोणी करणार नाही.

४. पुण्यात विद्यापीठामुळे उद्योग आले की उद्योगांमुळे विद्यापीठ वाढले?

दोन्ही गोष्टी घडल्या, आणि त्यांच्या जोडीला एक तिसरा घटक होता: केंद्र सरकारच्या संशोधन संस्था. क्रम पाहिला की गुंतागुंत कळते. आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाची सुरुवात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालचे तंत्रज्ञ घडवणाऱ्या वर्गापासून झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. मराठा चेंबर १९३४ मध्ये स्थापन झाले, म्हणजे उद्योजकांची संघटना विद्यापीठाच्या पंधरा वर्षे आधीची आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये, पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये, आणि पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये, अशा या संस्था एकामागोमाग एक उभ्या राहिल्या. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर वाहन उद्योग विस्तारला.

त्या वाढीत दोन गोष्टींचे मोल आमच्या मते पुरेसे ओळखले जात नाही. पहिली म्हणजे कारखान्यांतर्गत शिक्षण. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) पुण्यात आधी यंत्रसामग्री घडवण्याचा आणि शिकाऊ उमेदवारांना तयार करण्याचा पाया घातला, आणि तेथे हात बसलेल्या माणसांनी पुढे सुटे भाग बनवणारी असंख्य वर्कशॉप काढली. दुसरी म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था. तिच्यामुळे छोट्या पुरवठादारालाही आपला भाग शहरातल्या शहरात प्रमाणित चाचणीसाठी देता येऊ लागला. एकट्याने ती सोय उभारणे त्याला कधीच परवडले नसते.

विद्यापीठाचा वाटा कोठे होता? राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन करणारे शेकडो विद्यार्थी पीएच.डी.साठी पुणे विद्यापीठाकडे नोंदणी करत असत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यानंतर स्वदेशी महासंगणक बांधण्याचे काम तिच्याकडे सोपवले गेले, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ही संस्था विद्यापीठाच्या आवारातच वाढली. तिच्या पदविका अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्या तरुणांना शहरातील सॉफ्टवेअर कंपन्यांत काम मिळाले. पर्सिस्टंट आणि केपीआयटी या दोन्ही पुणेकर कंपन्या १९९० मध्ये सुरू झाल्या होत्या. कोणा एका संस्थेने पुणे घडवले, असे या इतिहासातून सांगता येत नाही. निरनिराळ्या हेतूंनी आलेल्या संस्थांची दाटी झाली आणि त्यांच्यात माणसे फिरत राहिली.

५. पेटंट, स्टार्टअप की पदवीधर: विद्यापीठाचे सर्वांत मोठे योगदान कोणते?

पदवीधर, आणि हे आम्ही कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, १९३३ मध्ये सुरू झाला आणि २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रंग, रसायने, औषधे, तेले आणि वस्त्रप्रक्रिया या क्षेत्रांत त्याच्या विद्यार्थ्यांनी काढलेले आणि चालवलेले कारखाने मुंबईपासून वापीपर्यंत पसरलेले आहेत. ही परिणामकारकता पेटंटांच्या मोजणीत दिसत नाही.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे औषधनिर्मितीतील कामही याच अंगाने पाहावे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला संरक्षण नाकारून केवळ प्रक्रियेला दिले, त्यामुळे नव्या प्रक्रिया शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना एकाएकी मोठे महत्त्व आले. प्रयोगशाळेने प्रक्रिया दिल्या आणि त्याहून अधिक म्हणजे त्या प्रक्रिया कारखान्यात चालवू शकणारी माणसे दिली. ती माणसे महाराष्ट्रातच राहिली असे मात्र नाही (प्रश्न १० पाहा).

६. आमचा जिल्हा शेतीचा आहे. हे सगळे कारखान्यांपुरतेच आहे का?

मुळीच नाही. राज्यातील सर्वांत शिकण्यासारखी नवोन्मेष प्रणाली आमच्या मते नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या द्राक्षबागांत आहे. द्राक्ष हे मुळात थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील पीक. आपल्याकडे वेलीला पुरेशी विश्रांती मिळत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या घेण्याची पद्धत विकसित झाली: एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचा लेप, मणी लांब व फुगीर व्हावेत म्हणून जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड बुडवणे, घडांची विरळणी, क्षार व पाणीटंचाई सोसण्यासाठी डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करणे, अशा गोष्टी एकेक करून या शेतीत आल्या. त्यांतील प्रत्येक गोष्ट बाहेरून आलेल्या ज्ञानाची स्थानिक हवामानाशी घातलेली सांगड आहे.

ही सांगड घालणारी मुख्य संस्था विद्यापीठ नव्हती. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची स्थापना १९६० मध्ये झाली. बागायतदारांनीच काढलेल्या या संघटनेने चर्चासत्रे आणि शिवारफेऱ्या घडवल्या. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्ये आले, म्हणजे संघानंतर जवळजवळ चार दशकांनी. नवे वाणसुद्धा बागेतच सापडले. थॉमसन सीडलेस या वाणाच्या वेलींत आपोआप झालेले बदल चाणाक्ष शेतकऱ्यांनी हेरले आणि त्यांतून तास-ए-गणेश, सोनाका यांसारखे वाण पुढे आले. सोनाका हे सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या निरीक्षणाचे फळ आहे.

मग शास्त्रीय संस्थेची गरज कधी भासते? २०१० च्या हंगामात याचे उत्तर मिळाले. वाढनियंत्रक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष युरोपात तपासणीत आढळले, माल अडकला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. रसायनाच्या अंशाची अब्जांश भागांत मोजणी कोणत्याही शेतकऱ्याच्या डोळ्यांना जमणारी नाही. त्यासाठी मांजरीच्या केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळा, अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेची बागनोंदणीची ग्रेपनेट व्यवस्था आणि मान्यताप्राप्त तपासणी प्रयोगशाळा यांची साखळीच लागते. निरीक्षण आणि जुळवाजुळव शेतकऱ्याची, मोजमाप आणि कारणमीमांसा संस्थेची, अशी ही वाटणी आहे.

७. मग कृषी विद्यापीठांना श्रेय द्यायचे की नाही?

द्यायलाच हवे. डाळिंबाचे उदाहरण पाहा. 'गणेश' या वाणाची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबाग केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी केली आणि केंद्राच्या नावावरून त्याला नाव मिळाले. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'भगवा' प्रसारित केला, आणि सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यांत त्याने अनेक कुटुंबांचे अर्थकारण बदलले. त्यानंतर तेल्या रोगाने बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. एकाच वाणाखाली फार मोठे क्षेत्र गेले की यशच धोक्याचे ठरू शकते, हा धडा संशोधन संस्था आणि शेतकरी या दोघांसाठीही आहे. तो कारखानदारीलाही लागू पडतो (प्रश्न ११).

८. आमच्या गावात एकाच धंद्याचे छोटे कारखाने आहेत. एखादे महाविद्यालय पुरेसे होईल का?

अनेकदा पुरेसे होते. इचलकरंजीत यंत्रमागांचा व्यवसाय होता आणि १९८२ मध्ये डीकेटीई संस्थेने वस्त्रोद्योगाचे शिक्षण तेथेच सुरू केले. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी स्थानिक धंद्याला लागणारा अभ्यासक्रम, कारखानदारांना वापरता येईल अशी चाचणी प्रयोगशाळा आणि गावात टिकून राहणारे शिक्षक एवढे असले, तरी मोठ्या सर्वसाधारण विद्यापीठापेक्षा अधिक काम होते. मात्र सर्व महाविद्यालयांनी एकाच वेळी संगणकशास्त्राच्या जागा वाढवल्या आणि वस्त्र, धातू किंवा मुद्रण या शाखा बंद केल्या, तर स्थानिक उद्योगाचा तांत्रिक आधार हलके हलके निघून जातो. प्रवेशाची मागणी पाहून घेतलेला असा निर्णय महाविद्यालयापुरता समजण्यासारखा असतो, पण जिल्ह्याला तो महागात पडतो.

९. विद्यापीठाने इन्क्युबेशन सेंटर उघडले आहे. तरी स्टार्टअप का निघत नाहीत?

खोली, टेबले आणि उद्घाटन यांतून केंद्र बनत नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर का टिकले, हे पाहावे. त्याच्या शेजारी कार्यरत प्रयोगशाळा आहेत, महागडी विश्लेषण उपकरणे भाड्याने वापरता येतात, पेटंट आणि नियामक परवानग्या यांविषयी जाणकार सल्ला मिळतो आणि केंद्र चालवणारी माणसे पूर्णवेळ तेच काम करतात. रसायन, जैवतंत्रज्ञान किंवा वैद्यकीय उपकरण या क्षेत्रांत कल्पनेपासून विक्रीपर्यंत अनेक वर्षे जातात. त्यामुळे वर्षअखेरीस 'किती स्टार्टअप नोंदवले' असे विचारणारी व्यवस्था मोबाइल ॲपना उत्तेजन देते आणि कठीण तंत्रज्ञानाला मागे लोटते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रम आणि बाह्य संस्थांशी संपर्क यांसाठी स्वतंत्र संचालकाची तरतूद आहे. ही तरतूद उत्तम आहे. तिला अर्थ येतो तो त्या पदावर पूर्णवेळ माणूस आणि त्याच्या हाती थोडा मोकळा निधी असेल तेव्हाच.

१०. शिकून मुले पुणे-मुंबईला किंवा परदेशी जातात. मग जिल्ह्याला काय मिळाले?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची व्यथा रास्त आहे. पदवीधर मागणीच्या दिशेने जातो. डॉ. के. अंजी रेड्डी यूडीसीटीमध्ये शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी १९६९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली, आणि १९८४ मध्ये त्यांची डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज उभी राहिली ती हैदराबादेत, जेथे आयडीपीएल या सरकारी कारखान्याने औषधनिर्मितीतील कुशल माणसांचा साठा तयार केला होता. शिक्षण मुंबई-पुण्याचे आणि उद्योग हैदराबादचा, याला त्या शहरांचे अपयश म्हणू नये. पण शिक्षण आणि मागणी यांची गाठ एकाच जागी पडली नाही तर लाभ दुसरीकडे जातो, एवढे त्यातून निश्चित कळते.

उपाय मुलांना अडवण्यात नाही. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प स्थानिक कारखान्यांच्या प्रत्यक्ष अडचणींवर देणे, जिल्ह्यातच सशुल्क आंतरवासितेची सोय करणे आणि बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांशी संपर्क जिवंत ठेवणे, या तीन मार्गांनी परतीची वाट खुली राहते. अनुभव आणि भांडवल घेऊन परतलेला माणूस, कधीच बाहेर न गेलेल्या माणसापेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी ठरतो.

११. आमचे शहर एकाच उद्योगावर उभे आहे आणि तो उद्योग बदलतो आहे. विद्यापीठ काय करू शकते?

फ्रान्झ ट्योडट्लिंग आणि मिखाएला ट्रिपल या अभ्यासकांनी २००५ मध्ये कमकुवत प्रदेशांचे तीन प्रकार सांगितले: जेथे संस्थाच विरळ आहेत असे, जेथे संस्था पुष्कळ आहेत पण एकमेकींपासून तुटलेल्या आहेत असे, आणि जेथे सारी व्यवस्था एका जुन्या उद्योगात अडकून पडली आहे असे. पहिल्या प्रकारात गडचिरोली बसेल. मोठी महानगरे बहुधा दुसऱ्यात बसतात. पुण्याच्या वाहन पट्ट्याला तिसऱ्याचा धोका आहे, कारण पिस्टन, क्रँकशाफ्ट, इंधनपंप आणि गिअर यांत मुरलेल्या शेकडो छोट्या कारखान्यांना विद्युत वाहनांच्या युगात नवे काम शोधावे लागेल.

येथे विद्यापीठाचे काम आजच्या मागणीच्या पुढे पाहण्याचे आहे. बॅटरीचे रसायनशास्त्र, विद्युत मोटारी, शक्ती इलेक्ट्रॉनिक्स या विषयांत शिक्षक आणि प्रयोगशाळा आधीपासून असतील, तर कारखानदाराला वळण घेता येते. उद्योगाच्या सध्याच्या गरजेप्रमाणेच अभ्यासक्रम आखावा, हा आग्रह या एका बाबतीत घातक ठरतो. फिनलंडमधील औलू शहराने हा अनुभव घेतला आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठाने रेडिओ तंत्रज्ञानात केलेल्या गुंतवणुकीवर नोकियाचा उत्कर्ष झाला. नोकियाने २०१४ मध्ये मोबाइल व्यवसाय विकल्यावर हजारो अभियंते मोकळे झाले, परंतु बिनतारी संचरणाचे ज्ञान शहरातच राहिले आणि नव्या कंपन्यांच्या उपयोगी पडले.

१२. प्राध्यापकाला कंपनी काढता येते का? संशोधनाचे पेटंट कोणाचे?

शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणाने प्राध्यापकांना स्टार्टअप काढण्यास, त्यासाठी मर्यादित काळाची रजा घेण्यास, आणि संस्थांना पुरवलेल्या सुविधांच्या बदल्यात अल्प भागभांडवल घेण्यास अनुमती देणारी चौकट दिली आहे. प्रत्यक्ष परवानगी मात्र आपल्या संस्थेने ते धोरण स्वीकारले आहे का, यावर अवलंबून असते. सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठाला ठेवू देणाऱ्या, अमेरिकेतील १९८० च्या बाय-डोल कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. २००८ मध्ये मांडलेले विधेयक पुढे मागे घेण्यात आले. त्यामुळे मालकीचा प्रश्न सेवाशर्ती, निधी देणाऱ्या संस्थेच्या अटी आणि उद्योगाशी झालेला करार यांवरून सुटतो. काम सुरू होण्यापूर्वीच हा करार लेखी करावा.

१३. विद्यापीठ नसतानाही एखादा परिसर पुढे गेला, असे होत नाही का?

होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा जवळपास विद्यापीठ नव्हते. परंतु लक्ष्मणराव स्वतः मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते, हे विसरता कामा नये. संस्थेचे ज्ञान एका माणसाबरोबर सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात आले, आणि औंधच्या राजांनी जमीन व पाठबळ दिले. विद्यापीठ परिसरात नसले, तरी ज्ञानाचा उगम कोठेतरी असतोच.

१४. छोट्या उद्योजकाने पहिल्यांदा विद्यापीठाशी संपर्क कसा साधावा?

'सहकार्य करू या' असे मोघम पत्र कुलगुरूंना पाठवू नये. एक नेमकी अडचण निवडावी: नाकारले जाणारे सुटे भाग, लवकर झिजणारे हत्यार, सांडपाण्यातील एखादा घटक, बेदाण्याचा काळवंडणारा रंग. तिचे नमुने आणि जमतील तेवढ्या नोंदी बरोबर घेऊन संबंधित विभागातील प्राध्यापकाला भेटावे. सुरुवात सशुल्क चाचणीने करावी, कारण त्यासाठीचे दर आणि कार्यपद्धती बहुतेक विभागांत ठरलेली असते आणि निर्णय लवकर होतो. चाचणीतून काही हाती लागले, तर तोच विषय एखाद्या एम.टेक. किंवा एम.एस्सी. विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून द्यावा, त्याला कारखान्यात बसायला जागा द्यावी आणि प्रवासखर्च द्यावा. परीक्षा आणि सुट्यांचे वेळापत्रक आधी विचारून घ्यावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत विभागांकडून उत्तर मिळण्यास हमखास वेळ लागतो. गोपनीयतेची काळजी वाटत असेल तर प्रश्न १२ मधील कराराचा मुद्दा याच टप्प्यावर काढावा.